येतानाचा फेरा

दाभण तरटातून आरपार गेलं आणि थेट देवमनच्या अंगठ्यात शिरलं. त्यानं अंगठा तोंडात धरला आणि ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर त्याची बायको भागीरथा तुरीची डाळ निवडत बसली होती.

"तूच मारून दे ना चार टाके," तो म्हणाला. "माह्यानं सरळ येऊन नाई राहिले."

"मले नाई दिसत आता बारीक."

एवढं बोलून तिनं डाळीतला मोहरीएवढा खडा वेचला आणि अंगणात टाकला. देवमननं ते पाहिलं आणि पुन्हा दाभण हातात घेतलं.

वीस वर्षं भागीरथा जिनिंगच्या गोदामात सरकीची पोती शिवत होती. पोतं फाटेल पण भागीरथाचा टाका उसवायचा नाही, असं बाकीच्या बाया म्हणायच्या. पोरगा मोतीराम गेला त्या दिवशी तिनं दाभण कुडाच्या फटीत खोचलं, ते खोचलंच. गोदाम सोडलं, लोकांच्या वावरात निंदायला जाऊ लागली. कोणी विचारलं तर डोळे गेले म्हणायची. सहा वर्षांनी आज देवमननं ते दाभण फटीतून ओढून काढलं, तेव्हा त्याच्या टोकाला गंज चढला होता.

देवमन त्याच जिनिंगमध्ये फिटर. लढाईच्या दिवसांत मुंबईच्या गोदीत तीन वर्षं मोटरलाँचा दुरुस्त केल्या आणि येताना पाण्यावरच्या वेगाचं खूळ डोक्यात घेऊन आला. अमरावतीत लोक हसले. वऱ्हाडात प्यायला पाणी नाही अन् हा बोट बांधून राहिला, म्हणाले. हसोत बापडे. त्यानं अकोल्याच्या ओमप्रकाश भंगारवाल्याकडून मिलिटरीचं इंजिन आणलं, सागवानी फळ्या आणल्या, आणि एकसष्ट साली वडाळीच्या तलावात बोट उतरवली. मुंबईच्या एका नौकामंडळाच्या वहीत ताशी चौसष्ट मैलांचा विक्रम होता. तो मोडायचा, बस. वेग जाताना एकदा आणि येताना एकदा मोजायचा, असा नियम होता.

चालवणार होता देवमनच. सगळी आखणी त्यानं स्वतःच्या वजनाला धरून केली होती. पण ऐन दिवशी हिवतापानं त्याचे दात वाजायला लागले. मोतीराम म्हणाला, "बाबा, मी बसतो." बावीस वर्षांचं पोरगं, शिडशिडीत, बापापेक्षा वीस शेरांनी हलकं. तेवढा भार भरून काढायला हाताशी होती ती सरकी. भागीरथानं काठावर बसून पोतडी शिवली, खुशालराव काटावाल्यानं ती तोलून दिली, आणि तिनं स्वतःच्या हातानं ती बोटीच्या नाकाशी, पोराच्या पायांपुढे ठेवली.

जातानाचा फेरा झकास झाला. इंजिन निवायला अर्धा तास थांबले. मोतीरामनं पलीकडच्या काठावर बसून ठेच्याशी भाकर खाल्ली, वळसा घालून आलेल्या आईला म्हणाला, "अजून एक दे, भार वाढते." येतानाच्या फेऱ्यात तलावाच्या मधोमध बोटीचं नाक पाण्यात घुसलं आणि बोट उलटली. मोतीराम दोन तासांनी सापडला. पोतडी सापडली नाही, आणि तिची कोणाला आठवणही राहिली नाही.

नशिबात होतं, असं लोक म्हणाले. देवमन नशीब मानत नव्हता. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आला तेव्हापासून, जे झालं त्याला कारण असतंच, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि कारण दुसरं कुठलं असणार? त्याच्याच आखणीत खोट होती. पोरगं त्यानंच मारलं. सहा वर्षं रोज संध्याकाळी तो आखणीचा कागद पसरून बसे, रेघ न् रेघ तपासे. खोट काही सापडेना.

शेवटी त्यानं ठरवलं की तीच बोट पुन्हा बांधायची, फक्त आत माणूस बसवायचा नाही. या काठापासून त्या काठापर्यंत तार ताणायची, बोटीला दोन कड्या लावून त्या तारेत अडकवायच्या, म्हणजे ती सरळ पळेल. इंजिन बंद करायला गजराचं घड्याळ. गजर झाला की खटका पडेल. खोट दिसली की सुधारायची, आणि मग विक्रम. मंडळाला त्यानं खुशालरावाकडून पत्र लिहवून घेतलं होतं. माणूस नसला तरी चालेल, असं उत्तर आलं होतं. दोन साहेब रविवारी येणार होते. विक्रम झाला तर वहीत बोटीचं नाव चढणार होतं, आणि बोटीवर देवमननं पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, 'मोतीराम'.

त्या आधी गुरुवारी त्यानं सगळं त्या दिवसासारखं मांडलं. किलो आल्यापासून जिनिंगमधल्या जुन्या पसेऱ्या, पाच शेरांची लोखंडी वजनं, अडगळीत पडल्या होत्या. खुशालरावानं पेटी भरून वीस आणल्या. मोतीराम भरायचा पासष्ट शेर, म्हणून त्याच्या जागी तेरा पसेऱ्या ठेवल्या. नाकाशी वीस शेर सरकीची पोतडी, वाकड्यातिकड्या टाक्यांची.

बोट गेली ती सूं करत गेली. पलीकडे तिला वळवून तारेत अडकवली आणि दोघं काठावर बसले.

"सोडाची का?" खुशालरावानं विचारलं.

"नाई. अर्धा घंटा थांबा. त्या दिवशी थांबलो होतो."

खुशालराव भातकुलीकडचा, काट्यावर आयुष्य गेलेला माणूस. त्यानं बिडी पेटवली आणि मोतीरामनं भाकर खाल्ली होती त्या दगडाकडे न बघता ती ओढली.

येताना तलावाच्या मध्यावर नाक खाली गेलं. पण तेवढ्यात गजर झाला, खटका पडला आणि बोट अर्धी बुडाल्यासारखी तरंगत राहिली. त्यांनी दोर टाकून ती काठाला ओढली. खुशालराव आत वाकला आणि पोतडी उचलायला गेला. एका हातानं येईना. त्यानं दोन्ही हात लावले.

"देवमनभाऊ," तो हळूच म्हणाला, "ही वीस शेर नाई राहिली. पस्तीसच्या खाली बोलतच नाई मी. पानी पेलं हिनं."

पोतडीतून पाणी गळत होतं. जाताना उडालेलं पाणी बोटीच्या तळाशी साचलं होतं आणि अर्धा तास सरकी त्यात भिजत पडली होती. गुरांना सरकी भिजवून घालणाऱ्या मुलखातली दोघं माणसं, एक काटावाला आणि एक फिटर. आणि सहा वर्षांत दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. सरकी काट्यावर बरोबर भरली होती, म्हणून ती बरोबर होती.

देवमन काठावर खाली बसला. त्याला डाळीतला तो मोहरीएवढा खडा आठवला. मग कुडाच्या फटीतलं दाभण आठवलं. मग त्यानं तोंडावर दुपट्टा ओढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोतडीच्या जागी चार पसेऱ्या ठेवल्या. जाताना एकोणसत्तर मैल भरले, येताना अडुसष्ट. खुशालरावानं घड्याळ तीनदा पाहिलं.

"आखणी सोन्यासारखी हाये तुमची," तो म्हणाला. "तुमची काई चूक नोयती. सहा वर्सं फुकट स्वतःले खाल्लं तुमी. घरी जाऊन सांगा वहिनीले."

"काय सांगू?"

"हेच. का खोट आखणीत नोयती."

"मंग ते इचारंल, कशात होती."

खुशालरावानं घड्याळ खिशात टाकलं.

"मी सहा वर्सं स्वतःले खाल्लं," देवमन म्हणाला. "मले जमलं. तिले नाई जमनार."

"पन तिचं कुठी काय चुकलं? म्याच तं तोलून देली."

"हे तुमाले समजते, मले समजते. मायले समजते का?"

शनिवारी जेवताना त्यानं भागीरथाला म्हटलं, "उद्या चाल तलावावर."

तिचा घास हातातच राहिला. त्या दिवसानंतर ती तलावाच्या वाटेला गेली नव्हती.

"मी कायले?"

"बोटीवर त्याचं नाव हाये. पाहून तं घे एक डाव."

रविवारी शंभरेक माणसं जमली. मुंबईचे साहेब खुर्च्यांवर बसले. भागीरथा सगळ्यांपासून लांब, बाभळीखाली डोक्यावर पदर घेऊन बसली. 'मोतीराम' ही अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तरी ती त्यांच्याकडेच पाहत होती.

देवमन बोटीपाशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "खुशालराव, आत सरकी तं नाई घेतली ना?"

"नाई बा. निव्वळ लोखंड."

"साहेबांले दाखवा. चार लोकांले दाखवा."

लोकांनी वाकून वाकून पाहिलं. सतरा पसेऱ्या, सरकीचा दाणा नाही. हे बोलणं बाभळीपर्यंत पोचलं असावं, कारण भागीरथानं मान वर केली.

जातानाच्या फेऱ्याला साहेबांनी अडुसष्ट मैल लिहिले. लोकांनी टाळ्या पिटल्या. पुन्हा अर्धा तास थांबायचं ठरलं. साहेब चहा पीत होते, खुशालराव त्यांना पेले देत होता. देवमन ग्रीसचा डबा ठेवलेली थैली घेऊन एकटाच तलावाला वळसा घालून गेला, बोटीच्या नाकाशी वाकला आणि बराच वेळ वाकलेला राहिला. उठताना त्यानं त्या पांढऱ्या अक्षरांवरून एकदा हात फिरवला. रंग सहा महिन्यांपूर्वीचा होता, हाताला काही लागलं नाही.

मग त्यानं इंजिन सुरू केलं आणि बोट सोडली.

तलावाच्या मधोमध नाक पाण्यात घुसलं. कड्या तुटल्या, तार झणझणली, आणि बोट उभी राहून खाली गेली. गजर झाला असला तर पाण्याखाली झाला. लोकांचा गलका उठला आणि बसला. पाण्यावर थोडा वेळ तेल पसरत राहिलं.

देवमन वळसा घालून परत आला. यायला त्याला वेळ लागला.

"काय झालं हो?" साहेबांपैकी वयस्क होते त्यांनी विचारलं. "जाताना तर इतकी सुरेख गेली."

"आखणीतच खोट हाये साहेब." तो साहेबांशी बोलत होता, पण तोंड बाभळीकडे होतं. "पयल्यापासूनच होती. तवाबी हेच झालतं. जो कोनी बसला असता तो गेला असता."

साहेबांनी वहीत एक रेघ मारली आणि टोपणाचं पेन खिशाला लावलं. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा, असं ते म्हणाले. देवमननं हात जोडले.

खुशालराव सामान आवरायला लागला. वीसपैकी सतरा पसेऱ्या बोटीबरोबर गेल्या, पेटीत तीन उरायला हव्या होत्या. त्यानं झाकण उघडलं. पेटी रिकामी होती. त्यानं देवमनकडे पाहिलं, मग बाभळीकडे पाहिलं, आणि कडी लावली. मग ती रिकामी पेटी भरली असल्यासारखी दोन्ही हातांनी उचलून, कमरेत वाकून, तो रस्त्याकडे चालायला लागला.

घरी येताना भागीरथा देवमनच्या पुढे चालत होती. उंबऱ्याशी थांबून तिनं विचारलं, "खरंच आखनीतच होती?"

"हो."

"नीट तपासलं तुमी?"

"रेघ न् रेघ."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. पोरगं गेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. गळा काढून, छाती पिटून, शेजारच्या पंचफुलाबाई धावत आल्या तरी थांबेना. देवमन जवळ बसून राहिला. त्याला स्वतःला रडू येत नव्हतं. आपलं पोर आज दुसऱ्यांदा बुडालं आणि या खेपेला आपणच बुडवलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

सकाळी तो जिनिंगमध्ये जायला निघाला, तेव्हा ती ओट्यावर बसली होती. मांडीवर एक फाटकं पोतं होतं. चुलीतली राख घेऊन ती दाभणाचा गंज घासत होती.

"सुतळी आनजा येता येता," ती म्हणाली.

"जाडी आनू?"

भागीरथानं दाभण उजेडाकडे धरलं आणि त्याच्या नेढ्यातून एक डोळा मिटून पाहिलं.

"बारीकच आना," ती म्हणाली. "दिसते मले."