पांढऱ्या झेंड्यांच्या ओळी

पांढऱ्या झेंड्यांच्या ओळींत हुमणी सापडेना, आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

लाल झेंड्यांच्या ओळींत सापडली नाही हे ठीकच होतं, तिथे औषध दिलं होतं. पण पांढऱ्या ओळी मुद्दाम औषधाविना ठेवलेल्या. तिथे मातीखाली स्ट्रॉबेरीची मुळं कुरतडून माजलेली ही गलेलठ्ठ पांढरी अळी निघायलाच हवी होती. धाकटीनं सकाळपासून अकरा खड्डे खणले, माती चाळून काढली, आणि हाती काय लागलं, तर गांडुळं.

तिचं औषध म्हणजे सूत्रकृमी. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मातीतून हुमणीचा माग काढतात, तिच्या अंगात शिरतात आणि दोन-तीन दिवसांत तिचा खेळ खलास करतात. झाडाला, माणसाला, गांडुळाला धक्का लावत नाहीत. प्रयोगशाळेच्या एका खोलीत ती हे कृमी वाढवायची, आणि ते जिवंत असतात, जिवंत असतात, हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. पहिल्या हंगामात कृमींच्या पाकिटांचं खोकं पहारेकऱ्याच्या केबिनबाहेर दिवसभर उन्हात पडून राहिलं. दुसऱ्या हंगामात एका महाभागानं भर दुपारी फवारलं, कारण संध्याकाळी त्याला मॅच बघायची होती. मेलेले कृमी मातीत ओतायचे आणि वर म्हणायचं, बाई, तुमचं काही काम करत नाही.

तिसऱ्या हंगामाला जमीन द्यायला कुणी तयार होईना. शेवटी सख्ख्या भावानं आठ ओळी दिल्या. "बहीण आहेस म्हणून देतोय," दादा म्हणाला होता, "तुझ्या जंतांवर भरवसा आहे म्हणून नाही." घरात तिचं नावच जंतवाली. आली का जंतवाली, हात धू आणि जेवायला बस.

हा हंगाम शेवटचा. गुरुवारी समिती येणार, लाल आणि पांढऱ्या ओळी खणून बघणार. फरक दिसला तर पाकिटं मोठ्या प्रमाणावर बनवायला मंजुरी. नाही दिसला तर शुक्रवारी खोलीला कुलूप. प्रयोगशाळेच्या साहेबांनी हे स्वच्छ सांगितलं होतं.

बाराव्या खड्ड्यात एक हुमणी निघाली. विटकरी रंगाची, लिबलिबीत, मेलेली. धाकटीनं ती तळहातावर घेतली. हा रंग तिनं झोपेतही ओळखला असता. तिच्याच कृमींचं काम होतं ते, आणि जिथे तिनं ते सोडलेच नव्हते तिथे.

शेडमध्ये दादा आणि वहिनी खोक्यांत फळं भरत होते.

"दादा, पांढऱ्या ओळींत काय टाकलंस?"

"मी? मी कशाला काय टाकू?" दादा खोक्यातून मान वर काढेना.

"सांगून टाका हो," वहिनी म्हणाली. "तीन आठवडे पोटात ठेवलंय."

"फ्रिजमध्ये तुझी दोन पाकिटं उरली होती," दादा म्हणाला. "म्हटलं, वाया कशाला घालवायची. पण सगळं तू सांगितलंस तस्सं केलं हं. आधी पाणी दिलं. पंपाची जाळी काढली. ऊन उतरल्यावर टाकलं. परत पाणी दिलं."

हे त्यानं वर ऐटीत सांगितलं. धाकटीनं कपाळाला हात लावला. तीन वर्षांत एक माणूस असा भेटला नव्हता की ज्यानं सगळ्या सूचना पाळल्या. भेटला तो हा, आणि त्यानं त्या पाळल्या नेमक्या नको त्या ओळींत.

"पण का?"

"का म्हणजे? रस्त्याकडेच्या ओळी त्या. झाडं माना टाकायला लागली. येणारंजाणारं गिऱ्हाईक विचारतंय, रोग पडलाय का. औषध घरात, झाड डोळ्यांसमोर मरतंय, आणि मी काय हाताची घडी घालून बघत बसू? समितीलाही चांगली झाडं दिसतील म्हटलं. खूश होतील."

"तुला एकच काम सांगितलं होतं, दादा. काहीही करायचं नाही, हे. तेवढंही झालं नाही तुझ्याच्यानं? मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

दादा बघतच राहिला. ही पोरगी जन्मात त्याच्यावर आवाज चढवून बोलली नव्हती. त्याला अजून कळत नव्हतं, हिरव्यागार झाडांसाठी कुणी शिव्या का खाव्यात.

ती शेतात परत गेली आणि साहेबांना फोन लावला. साहेबांनी आवाज खाली आणला. "खऱ्याखोट्याचा घोळ घालू नकोस. उघडपणे सांगितलंस तर प्रयोग बाद, आणि चौथा हंगाम कुणी देणार नाही. दुसऱ्या शेतातून हुमणी आण, पांढऱ्या ओळींत पुरून ठेव. कोण विचारतंय."

हे तिच्याही मनात आलं नव्हतं असं नाही. एक बादली आणि एका संध्याकाळचं काम. पण जे खरंच चालतं, ते चालतं हे दाखवायला लबाडी करायची, याची तिला शिसारी आली. "नाही, साहेब," ती म्हणाली.

"मग सामान बांधायला घे."

फोन खिशात ठेवते तोवर दादा कुदळ घेऊन आलेला. "टोकाची चार झाडं राहिली होती," तो ओशाळून म्हणाला. "पाकीट पुरलं नाही. ती चालतील का?"

चार झाडांनी काय होतंय, तुलनेला चाळीस लागतात. तरी ती त्याच्याबरोबर टोकापर्यंत गेली. दादानं पहिल्या झाडाला हात लावला तर ते सरळ वरच आलं, खाली मूळ म्हणून नव्हतंच. त्यानं माती उकरली. चौदा हुमण्या. दुसऱ्याखाली अकरा. तिसऱ्याखाली त्यानं मोजणं सोडून दिलं.

"म्हणजे सगळ्या ओळींचं असं झालं असतं?"

"सगळ्या शेताचं."

 दादानं पँटला हात पुसले. "मी उगाच तुझी टर उडवत होतो. भारी आहे गं तुझं औषध. पुढच्या हंगामाला अख्ख्या शेताला घालायचं. किती पाकिटं लागतील, आत्ताच सांगून ठेवतो."

एका तरी शेतकऱ्याच्या तोंडून हे ऐकायला ती तीन वर्षं थांबली होती.

"पाकिटं नाही मिळणार, दादा. शुक्रवारी खोली बंद होतेय."

"बंद? एवढं चांगलं काम, आणि बंद?" दादा उसळून उभा राहिला. शर्टाच्या बाह्या वर सारायला लागला. "कुणामुळे? नाव सांग मला. तू नुसतं नाव सांग, मी बघतो त्याच्याकडे."

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं आणि नाव सांगितलं नाही.