खालचा बाण

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती : असा भाग सापडत नाही.

"लाइटचा झटका बसला असेल," नवरा म्हणाला.

"लाइट गेलीच कधी? मी इथेच पंख्याखाली भाजी निवडत होते," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही काही केलंत का?"

"मी कशाला काय करू?"

त्याने बटण दाबलं. तीच ओळ.

*

पुन्हा सुरू.

नवरा औषधांच्या गोदामात भांडारपाल होता. निवृत्त झाला, तरी रिकामं रॅक दिसलं की त्याचे हात शिवशिवत. घरातल्या एकाच संगणकात दोन बिऱ्हाडं होती : त्याचं विंडोज, तिचं लिनक्स. त्याच्याकडे जुने सिनेमे कोंबलेले. तिच्याकडे तिचा आवाज; अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची.

सकाळी ती बाजारात गेली असताना त्याने संगणक लावला होता. डिस्कवरच्या जागेतला तिचा भाग निम्मा रिकामा दिसला. त्याने दोघांच्या भागांमधली रेषा तिच्याकडे सरकवली. वाटेत एक चिमुकला तुकडा आला, तो निरुपयोगी समजून पुसून टाकला. त्यासरशी पुढच्या भागांचे क्रमांक बदलले. रॅकचे नंबर बदलायचे आणि शिपायाला सांगायचंच नाही, तसं झालं. मशीन जुन्या नंबरावर जाऊन हात हलवत परत येत होतं.

गोदामात हे दुसऱ्या कोणी केलं असतं, तर त्याने त्याची सगळ्यांदेखत

*

पुन्हा सुरू.

"दुपारी ग्रंथालयाच्या बाई न्यायला येणार आहेत. अख्खी कादंबरी आहे हो त्यात. घसा बसेपर्यंत वाचलीय."

"कुठे जात नाही ती. फक्त नंबर हललेत."

"झटक्याने नंबर हलतात?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी सरकवली."

"काय?"

"रेषा. तुझ्याकडे रिकामं पडलं होतं, म्हटलं…"

"पडलं नव्हतं. मी ठेवलं होतं. पुढच्या पुस्तकासाठी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त खुर्ची ओढली. "हात दाखवून अवलक्षण! चला, शोधा आता."

मोबाइलवर उपाय वाचत, एकेक अक्षर टाइप करत तो एकेका भागात डोकावू लागला. पडद्यावर नावं उमटत होती. यातलं तिचं कुठलं? इतकी वर्षं एकाच टेबलावर, आणि त्याला ठाऊक नव्हतं.

"हे तुझं?"

"नाही."

"हे?"

"थांबा. 'वाचन'. हे माझं."

त्याने मशीनला नवा पत्ता दिला. कोणाचं बिऱ्हाड उघडायचं ते विचारणारी नेहमीची यादी उगवली : वर त्याचं नाव, खाली तिचं. तो बघतोय तोवर तिचं बोट खालच्या बाणावर पडलंसुद्धा.

"एवढी घाई कसली?"

"पाच-दहा सेकंदांत दाबलं नाही, की तुमचंच सुरू होतं. मग बंद करा, परत लावा. म्हणून तर रोज दूध गॅसवर सोडून धावते."

तो तिला 'एक्सप्रेस' म्हणायचा. पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुणे हसायचे.

स्पीकरमधून तिचा आवाज आला, स्वच्छ. दुपारी बाई कादंबरी घेऊन गेल्या.

*

संध्याकाळी ती फिरायला गेल्यावर त्याने रेषा पूर्वी होती तिथे परत नेली. मशीनला नवा पत्ता कायमचा नोंदवून दिला. शेवटी यादीत तिचं नाव वर घेतलं, आपलं खाली. आता ती आली नाही तरी तिचंच सुरू होणार होतं.

हे तिला सांगायचं म्हणजे बाकीचंही बोलावं लागलं असतं. उद्या आपोआप कळेल, असं त्याने ठरवलं.

सकाळी तिने मशीन लावलं, दूध बघायला आत गेली आणि ओल्या हातांनी धावत आली. पडद्याकडे न बघताच खालचा बाण, मग एंटर.

त्याचं बिऱ्हाड उघडलं.

तो वर्तमानपत्राआड होता. एकच बातमी कितीतरी वेळ वाचत.

"बघा, घाईत माझंच चुकलं," ती म्हणाली. बाणावरचं पाणी तिने बाहीने पुसलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.