उतारावर मी चारचौघींसारखीच

मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा स्वभाव चिडका झाला आहे. मुळात तो तसा नव्हता. कितीतरी वर्षे लोकांनी भलत्याच गोष्टीसाठी माझे कौतुक केले, त्याने तो तसा झाला. कुणी शिव्या दिल्या तर राग येतो आणि जातो. पण जे आपल्याला जमतच नाही त्यासाठी कुणी पाठ थोपटत राहिले आणि आपल्याला तोंड नसले, तर आत काय होते ते मला विचारा.

मी बुटकी, चार दारांची, राखाडी रंगाची. माझ्यासारख्या दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांची दोनच चाके इंजिनाचा जोर घेतात, उरलेली दोन नुसती सोबत फिरतात. माझ्या मात्र चारही चाकांना जोर मिळतो. एखादे चाक बर्फात जागच्या जागी गरगरू लागले की बाकीची भार उचलतात. हा माझा गुण. तो खरा आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण तेवढाच आहे, मित्रांनो. तेवढाच!

कारखान्यातून मला ट्रकवर चढवून मिशिगनच्या अगदी उत्तरेला पाठवले. तिथे जमिनीची एक जीभ मोठ्या सरोवरात घुसली आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस बर्फ सुरू होतो आणि एप्रिलमध्येही अंगणाच्या कोपऱ्यात त्याचा काळपट ढीग शिल्लक असतो. दुकानातल्या विक्रेत्याने माझ्या टपावर हात ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "सर, ही दारात असली की हिवाळा विसरा. हिला बर्फ काय नि डांबर काय, सगळं सारखंच." मी तिथेच उभी होते. खोटे बोलतोय, असे ओरडावेसे वाटले. माझ्याकडे हॉर्न होता, पण तो वाजवायलाही माणूस लागतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे रेनो कांगास. अडतीस वर्षे गावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गावात चाळिशी-पन्नाशीची माणसेही त्यांना अजून सर म्हणत. दररोज सकाळी अंगणात काठी रोवून ते बर्फाची उंची मोजत आणि शेजाऱ्याने चूक आकडा सांगितला तर त्याला दुरुस्त करत. असा माणूस त्या विक्रेत्याचे वाक्य मात्र न मोजता घरी घेऊन आला.

त्यांच्या घराकडे जाणारी वाट चढाची होती. पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांचा उंच पिकअप ट्रक त्या चढावर अडकला आणि मागची चाके फिरवत बसला. मी त्याच्या शेजारून सावकाश, न घसरता वर गेले. झाले! दुसऱ्या दिवसापासून मुख्य रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानात रेनोंचा विषय ठरला. मला ते काचेसमोरच उभी करत. दार उघडले की वेलदोड्याच्या पावाचा वास आणि माझी स्तुती एकदमच बाहेर येई.

त्यांच्या पत्नी हेल्मीबाई तेवढ्या या स्तुतीत सामील नसत. त्यांनी सव्वीस वर्षे बेकरीची पावाची गाडी चालवली होती, तीही मागच्या दोनच चाकांच्या जोरावर चालणारी. नोव्हेंबर लागला की त्या गाडीला हिवाळ्याचे टायर चढवत आणि मागे वाळूची पोती टाकत. त्या सव्वीस वर्षांत त्यांनी एक कुंपणदेखील पाडले नव्हते.

"चढली की नाही?" एकदा रेनोंनी चढावर त्यांना विचारले.

"चढली. उतरताना काय करणार आहेस?"

"चारही चाकं ओढतात हिची, हेल्मी."

"ओढतात ना. थांबवायचं काय? ब्रेक तर माझ्या पावाच्या गाडीच्याही चारही चाकांना होते."

मित्रांनो, तेव्हा मला बाईंच्या गळ्यात पडावेसे वाटले. कारण खरी गोष्ट एवढीच आहे. निघताना आणि चढताना मी इतरांहून सरस. पण थांबताना आणि वळताना माझ्या इंजिनाचा जोर काही कामाचा नसतो. तिथे कामाला येते ती फक्त टायरची पकड. माझे टायर बाराही महिने वापरायचे, साधे. कडाक्याच्या थंडीत त्यांचे रबर ताटासारखे टणक होते. हिवाळ्याच्या टायरचे रबर मऊ राहते आणि त्याच्या बारीक चिरांमध्ये बर्फ धरला जातो. उतारावर मी चारचौघींसारखीच, किंबहुना जरा वाईटच. कारण सहज निघते म्हणून माणूस मला जोरात पळवतो आणि रस्ता किती निसरडा आहे हे त्याला ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही.

मग हेल्मीबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, आठवड्यातून तीन वेळा, चौतीस मैलांवरच्या शहरात रक्त शुद्ध करून घ्यायला जावे लागे. चार तास यंत्राला जोडून राहिल्यावर त्यांच्या अंगात त्राण नसे, म्हणून त्यांचे गाडी चालवणे बंद झाले. बटाटा बंद, कॉफी मोजून अर्धा कप. त्या माझ्या डावीकडच्या, चालकाच्या सीटवरून शेजारच्या उजव्या सीटवर आल्या. रेनो चालवू लागले, आणि मला ज्याची भीती होती तेच सुरू झाले.

टायरच्या दुकानातला ड्वेन हाही रेनोंचा जुना विद्यार्थी. तेल बदलायला गेलो तेव्हा त्याने वाकून बोट माझ्या टायरच्या खाचेत घातले. ते जेमतेम टेकले.

"सर, नक्षी संपली हो. काकूंना घेऊन जाता. हिवाळ्याचे चार टायर चढवू का? तासाभराचं काम आहे."

"ड्वेन, या गाडीची चारही चाकं..."

"ओढतात. माहितीय सर. अख्ख्या गावाला माहितीय."

रेनो हसले आणि निघाले. मी रागाने नुसती थरथरत होते आणि ते म्हणाले, "बघ हेल्मी, इंजिन कसं झक्क चाललंय."

त्या डिसेंबरात बुधवारी वादळ झाले आणि रस्ता बंद पडला. बाईंची बुधवारची फेरी चुकली. शुक्रवारी सकाळी त्यांच्या सुजलेल्या पायांवर बोट दाबले तर खड्डा राहत होता, आणि दोन पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत येताना त्यांना धाप लागली. आज पोहोचणे भागच होते. सरोवरावरून वारा सुटला होता आणि रस्त्यावर दाबून बसलेल्या बर्फाचा थर होता. रेनो घाईत होते. चढ आले, मी चढले. त्यांनी माझ्या स्टिअरिंगवर शाबासकीची थाप मारली.

"हळू," बाई म्हणाल्या.

"उशीर होईल."

"उशीर झाला तर यंत्र थांबेल माझ्यासाठी. ही गाडी थांबणार नाही."

लांब उतार लागला. खाली, अगदी शेवटी, बर्फ बाजूला सारणारा भला मोठा नारिंगी ट्रक उभा होता. त्याची चालक कार्ला खाली उतरली होती आणि आमच्याकडे पाठ करून मागच्या दिव्यांवरचा बर्फ हातोडीने फोडत होती. रेनोंनी ब्रेक दाबला. त्यांच्या पायाखाली कडकड आवाज झाला. तो मीच करत होते, चाके पार अडकू नयेत म्हणून त्यांना सोडत आणि धरत. पण धरायला खाली काहीच नव्हते. मी सरळ खाली निघाले. रेनोंनी स्टिअरिंग फिरवले, पुढची चाके वळली, मी नाही वळले. कार्लाचे पिवळे जाकीट मोठे मोठे होत गेले. मित्रांनो, माझे वजन दीड टन आहे. ते मला आयुष्यात इतके कधी जाणवले नव्हते.

"ब्रेक सोड!" बाई ओरडल्या. "रेनो, पाय काढ!"

रेनोंचा पाय जणू गोठला होता. तेव्हा त्या बाईंनी, ज्यांना दोन पायऱ्यांना धाप लागली होती, दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे खेचले आणि कोपराने नवऱ्याला ढोसले. दचकून त्यांचा पाय सुटला. चाके क्षणभर मोकळी फिरली, त्यांना थोडीशी पकड मिळाली आणि मी नाक खुपसून कडेच्या बर्फाच्या भिंतीत शिरले, दारांपर्यंत.

कार्ला धावत आली. ती धावतानाच ओरडत होती. आत कोण आहे ते पाहून तिचा आवाज आणखी चढला.

"सर? गणितात दोनदा नापास केलंत ते पुरे नव्हतं का? आज कायमचीच नापास करणार होतात मला!"

"गाडी घसरली," रेनो पुटपुटले. "तिने दगा दिला."

"काकू, तुम्ही निघाला होतात कुठे?"

"यंत्राला जुंपून घ्यायला," बाई म्हणाल्या. "बुधवारचं चुकलंय."

 कार्लाने बाईंना अक्षरशः उचलून त्या नारिंगी ट्रकमध्ये चढवले, आपल्या थर्मासमधली कॉफीही मोजून अर्धाच कप दिली आणि रस्ता साफ करत करत त्यांना शहरात नेले. बाई वेळेवर पोहोचल्या.

मागे राहिलो आम्ही दोघे. रेनोंनी माझ्या चाकाला लाथ मारली. ज्या टायरला मारली त्याच्याकडे एकदा नीट पाहिले असते तर! ओढणारी गाडी येईपर्यंत ते मला "दगाबाज" म्हणत होते. पुढचे तीन दिवस कॉफीच्या दुकानात हाच शब्द चालला. माझ्यावर विसंबण्यात काही अर्थ नाही, आता उंच ट्रकच घेणार, असे त्यांनी जाहीरही केले. आणि मी काचेसमोर उभी राहून ऐकत होते. काय करू? दिवे लावू? तेही हातात नाही.

शेवटी आमच्या गॅरेजमध्येच हेल्मीबाईंनी त्यांना गाठले.

"गाडी घसरली नाही, रेनो. तू घसरवलीस."

"तिला चार चाकांचा जोर..."

"तू मोजणारा माणूस. काठी घेऊन बर्फ मोजतोस. हे का नाही मोजलंस?"

 रेनो अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या किडन्यांचं मला काही करता येत नाही. म्हटलं, निदान तिथवर नेणारी गाडी तरी पक्की आहे. ते खोटं निघालं असतं तर माझ्याकडे उरलं काय असतं?"

बाईंनी त्यांच्या टोपीवरचा बर्फ झटकला. "टायर उरले असते. चल."

मोजूनच बघायचे ठरवून ते दोघे मला चर्चच्या रिकाम्या, बर्फाने झाकलेल्या वाहनतळावर घेऊन आले. ड्वेन आपली जुनी, छोटी, दोन चाकांच्या जोरावर चालणारी गाडी घेऊन आला. तिला हिवाळ्याचे टायर होते. ताशी वीस मैल वेगाने रेनोंनी मला आणले, ठरल्या खुणेवर ब्रेक दाबला आणि उतरून फीत लावली. मी एकाहत्तर फुटांवर थांबले होते. मग ड्वेनची गाडी त्याच वेगाने आली. निघताना तिची चाके गरगरली आणि रेनोंना जरा हसू आले. पण ती बेचाळीस फुटांवर थांबली. रेनोंनी फीत पुन्हा लावली. पुन्हा बेचाळीस. एकोणतीस फुटांचा फरक. ते त्या एकोणतीस फुटांत जाऊन उभे राहिले. कुणीतरी त्या जागेत हातोडी घेऊन पाठमोरे उभे असल्यासारखे ते तिथे पाहत होते.

त्याच दुपारी मला चार नवे टायर बसले. चारही, सारखे. नुसते दोन बसवले असते तर माझा एक भाग थांबला असता आणि दुसरा घसरला असता. तिथून रेनो मला घेऊन थेट कार्लाच्या घरी गेले. ती अंगणात फावडे मारत होती.

"कार्ला, मी गाडीला दोष दिला. चूक माझी होती. हेल्मीने स्टिअरिंग ओढलं नसतं तर..."

"मला माहितीय, सर. तीन दिवस झोपलेली नाही मी." तिने माझ्या पुढच्या चाकाकडे पाहिले. "बदललेत?"

"बदलले."

"मग आत या. कॉफी टाकते."

त्यानंतर हेल्मीबाई पाच हिवाळे जगल्या. रस्ताच बंद असला तर गोष्ट वेगळी, एरवी त्यांची एकही फेरी चुकली नाही. रेनो उतारावर वेग आधीच कमी करत. एका वितीहून जास्त ताजा बर्फ पडला असला तर मला बाहेरच काढत नसत, कारण माझे पोट खाली आहे आणि खोल बर्फात मी पोटावर टेकते आणि माझी चाके उचललेल्या कासवाच्या पायांसारखी अधांतरी फिरतात. आता स्तुती मात्र बंद झाली. खरे सांगते, ती पाच वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती.

आता मी जुनी झाले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने माझा तळ गंजवून खाल्ला आहे. उन्हाळ्यात खालून धुऊन काढले असते तर आणखी चालले असते, तेही कुणी केले नाही. शेजारच्या दारात नवी, चकचकीत, चारही चाकांना जोर असलेली गाडी येते, तिचा मालक छाती फुगवून बोलतो, आणि माझा जुना राग पुन्हा उफाळतो. मित्रांनो, तुमच्या घरी कोणतीही गाडी असो, तिची तारीफ करण्याआधी एकदा खाली वाका आणि तिचे टायर बघा. तिला काय जमते हे सांगणारे पुष्कळ भेटतील. काय जमत नाही ते तुम्ही शोधा.

बाई वसंतात गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात रेनो मला घेऊन ड्वेनकडे गेले. गुडघे दुखत असतानाही ते ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि एकेका टायरच्या खाचेत बोट घालून पाहू लागले.

ड्वेनने बिचकत विचारले, "सर, या वर्षीही चढवायचे? आता तुम्हाला... म्हणजे, जायचं तरी कुठे असतं?"

"कुठेच नाही," रेनो म्हणाले. "पण रस्त्यावर कुणाचं ना कुणाचं माणूस उभं असतं. चढव."