कडब्याच्या खांद्यातला दाणा

मी एक चिप बोलतेय. मोबाईलमधली नव्हे, आणि खायची तर मुळीच नव्हे. मी कुत्र्याच्या कातडीखाली राहते. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी आणि आत पंधरा आकड्यांचा एक नंबर, झालं माझं शरीर. मला बॅटरी नाही, डोळे नाहीत. स्कॅनर जवळ आला की मी माझा नंबर सांगते आणि पुन्हा गप्प बसते. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं काही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मी एका जाड सुईत बंद होते आणि सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ डॉक्टर शिवयोगींच्या दवाखान्यात एक म्हातारी भांडत होती.

"टोचली की सुई मोहोळात! पंधरा दिस झालं. आता परत कशापायी टोचताय मुक्या जनावराला?"

ही गोजरबाई. मोहोळजवळ मळ्यात एकटी राहायची. नवरा रावजी तीन वर्षांपूर्वी गेला. एकुलता एक मुलगा इंद्रजीत नेदरलँड्समध्ये इंजिनीअर. आईने आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. शेवटी तिने एकच अट घातली, कडब्या येत असेल तरच ती येईल. कडब्या तिचा कुत्रा. कडब्याच्या गंजीत सापडलेलं पिल्लू, रंगही वाळल्या कडब्याचाच. रावजीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"मावशी, तिकडचा नियम आहे," डॉक्टर सांगत होते. "आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस ते धरत नाहीत. ती नेमक्या याच कुत्र्याला दिली कशावरून?"

"म्हंजी मी खोटं बोलती व्हय?"

"तुम्ही नाही हो. पण तिकडचा साहेब तुम्हाला कुठं ओळखतो?"

यावर तिने कडब्याचं डोकं मांडीत धरलं. मग मी कडब्याच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये शिरले. तो एकदाच केकाटला. लगेच नवी लस झाली आणि माझ्या नंबराचं स्टिकर त्याच्या लसीच्या पुस्तकात चिकटलं. मला भलताच अभिमान वाटला. माझ्याआधीचं सगळं बाद आणि माझ्यापासून मोजणी सुरू!

मोजणी मात्र लांबली. लसीनंतर महिनाभराने रक्त काढलं आणि ते परदेशातल्या मान्य लॅबमध्ये गेलं. लस अंगी लागल्याचा अहवाल चांगला आला, तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं होतं. श्रावणातलं तिकीट दिवाळीनंतरचं झालं. इंद्रजीत फोनवर वैतागायचा, गोजरबाई मात्र म्हणायची, "कुळव मारला की लगेच कापणी करतो का आपण?"

आता माझी आणि तिची ओळख कशी झाली ते सांगते. मला अजून हसू येतं.

रोज दुपारी भाकरी खाऊन झाली की ती ओसरीवर बसायची आणि म्हणायची, "पड रं, पड." की कडब्या धप्पकन उजव्या कुशीवर आडवा. मग ती त्याचे केस विंचरत गोचीड शोधायची आणि सापडला की मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकायची. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिचं बोट माझ्यावर थांबलं.

"आरं तिच्या! कातड्याच्या आत घुसलाय की ह्यो!"

आणि तिने मला नखात धरलं. पंधरा आकड्यांची मी, मला गोचीड म्हणाली! मी जीव मुठीत धरून बसले. दाबून पाहिलं, ओढून पाहिलं, मी काही निघेना. तिने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे ते इतक्या जोरात हसले की मलासुद्धा ऐकू आलं.

"बरं बरं. दाणा हाय व्हय त्यो," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी दाणा झाले. रोज गोचीड संपले की तिचं बोट मला शोधायचं. "हाय. जाग्यावर हाय." एवढं म्हणून ती वाटी उचलायची.

आता एक कबुली. मी जागेवर नव्हते. काही कुत्र्यांच्या कातडीखाली आम्ही हळूहळू सरकतो, तशी मी सरकत होते. मानेमागून डाव्या खांद्यावर, तिथून आणखी खाली. हे फक्त तिच्या बोटाला कळलं. तिने मुलाला फोनवर सांगितलंही, "दाणा खाली उतरलाय रं."

"आई, चिप कुठं चालत जाते का?" तो म्हणाला. विषय तिथंच संपला.

इंद्रजीत आम्हाला न्यायला आला. निघताना मुंबईत तपासणी झाली. तिथे स्कॅनर दोनदा फिरवल्यावर मी वाजले. आरोग्याचा दाखला मिळाला, विमान उडालं.

नेदरलँड्सला उतरल्यावर मात्र घोळ झाला. कडब्या दहा तास पेटीत बसून आलेला, आजूबाजूला परके आवाज. बाहेर काढल्याबरोबर त्याने डावं अंग गोजरबाईच्या गुडघ्यांना असं घट्ट चिकटवलं की मी त्या दोघांच्या मध्ये दबून गेले. तपासणारी बाई स्कॅनर मानेवर फिरवत होती, पाठीवर, उजवीकडे. डावीकडे हात नेला की कडब्या गुरगुरायचा. यंत्र मुकं. मी आतून तडफडत होते, पण हाक ऐकू आल्याशिवाय मला बोलता येत नाही.

ती बाई इंद्रजीतशी इंग्रजीत बोलली.

"काय म्हणती?" गोजरबाईने विचारलं.

"आई, नंबर मिळत नाही. नंबर नाही तर हे कागद याचेच कशावरून? त्याला इथंच डांबून ठेवतील, नाहीतर परत पाठवतील."

"एकट्याला?"

"हो."

"मग मी बी चालले माघारी," ती म्हणाली. "मालकांनी माज्या हवाली केलंय त्याला."

तोच लुगडं सळसळलं. गोजरबाईने त्या गुळगुळीत फरशीवर चक्क बसकण मारली होती.

"तिला म्हणावं, थांब जरा." आणि मग अगदी ओसरीवरच्या आवाजात, "पड रं, पड."

कडब्या थरथरत होता. पण ते दोन शब्द कानावर पडले आणि सवयीने तो धप्पकन उजव्या कुशीवर आडवा झाला! डावं अंग वर, मी मोकळी! ओळखीची बोटं केसांतून खाली आली, खांदा ओलांडला आणि थेट माझ्यावर थांबली.

"बाई, तितं न्हाय. हितं. हितं हाय दाणा."

तिने त्या परक्या बाईचा हात धरून माझ्यावर ठेवला. कडब्या गुरगुरला नाही. स्कॅनर जवळ आला आणि मी ओरडले. पंधराच्या पंधरा आकडे, एका दमात, खणखणीत! ती बाई कागदावरचा एकेक आकडा वाचत गेली. शेवटचा जुळला तेव्हा ती स्वतःच टाळ्या वाजवायला लागली, मागच्या रांगेतल्यांनीही वाजवल्या. इंद्रजीत हसत होता की रडत होता, मला नीटसं कळलं नाही.

"तू सांगत होतीस आई," एवढंच तो म्हणाला.

"मग! उचल पिशव्या."

आणि कडब्या विमानतळाच्या दारातून आपल्या चार पायांवर बाहेर पडला.

आता आम्ही इथंच राहतो. कडब्या बर्फ चाटतो आणि शिंकतो. वाचकहो, तुमचं जनावर परदेशी न्यायचं असेल तर आधी मला बसवा, मग लस द्या आणि चार-पाच महिने हाताशी ठेवून चला. आणि रोज एकदा त्याच्या अंगावरून हात फिरवा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, तरी कराच.

इथल्या थंडीत गोचीड नाहीत. तरी दुपारी भाकरी खाऊन झाली की गोजरबाई खिडकीपाशी बसते. "पड रं, पड." कडब्या आडवा होतो, रिकामी वाटी शेजारी असते. बोटं केसांतून खाली येतात आणि माझ्यावर थांबतात.

"हाय," ती म्हणते. "जाग्यावर हाय."

मी आणखी बोटभर सरकलेय. पण आता मला त्याची काळजी नाही.