तळ्याखालची माती

माती तपासणीच्या कचेरीत बाईंचा उजवा अंगठा म्हणजे शेवटचा शब्द होता. ओली माती बोट आणि अंगठ्यात दाबत पुढे सरकवायची. लांब, गुळगुळीत पट्टी निघाली तर चिकण, चुरचुरत तुटली तर वाळूमिश्र. चिकण जमिनीत तळं खोदायचं, वाळूमिश्र जमिनीत झाडं लावायची. लोकांचे मोठमोठे बेत त्या एका शब्दावर ठरत.

कपाटात प्रयोगशाळेत मोजलेल्या मातीच्या बरण्या होत्या. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाने त्यांवर आपली बोटं तपासून घ्यायची, असा नियम. पण नवी माणसं बरण्या सोडून बाईंच्या हाताशी आपला हात जुळवून घेत. आणि बाईंनी कुणाशी जुळवायचा? त्यांनी बरण्यांची झाकणं उघडल्याला जमाना झाला होता.

मग त्या अंगठ्याला इस्त्रीचा चटका बसला. फोड टपोरा आला आणि काम डाव्या हातावर आलं. डावा हात नवखा, म्हणून बाईंनी मुकाट्याने बरण्या काढल्या. पठ्ठ्याने एकही उत्तर चुकवलं नाही! खुशीत येऊन त्यांनी टेबलावरची धाकट्या जावेच्या रोपवाटिकेची पिशवी उघडली. चढावरची ती माती त्यांनीच चिकण ठरवली होती आणि जाऊ तिथे तळं खोदणार होती.

माती डाव्या बोटांत चुरचुरली.

बाईंनी ती पाण्याच्या बाटलीत टाकून हलवली. तळाशी वाळूचा जाड थर बसला. मग त्यांनी उजव्या अंगठ्याकडे नीट पाहिलं. माती चोळून चोळून त्यावर असं निबर कातडं चढलं होतं की बारीक वाळू त्याला कळेनाशी झाली होती.

"सगळीच तळी थोडी पाझरतात," शेजारच्या टेबलावरचे नकाशेवाले म्हणाले. "अंगठा बरा झाला की बघू."

"अंगठा बरा होईपर्यंत खड्डा तयार होईल. मशीन उद्या लागतंय," म्हणत बाईंनी खोलवरची माती काढायचं गिरमिट आणि बाटल्या उचलल्या.

दोघी जावांच्या व्यवहारात जमेची बाजू तशी कोरडीच. बाईंनी एकदा जावेच्या नव्या पडद्यांना 'मळखाऊ' म्हटलं होतं, त्याची व्याजासकट वसुली अजून चालू होती. रोपवाटिकेच्या फाटकातच जावेने गाठलं.

"या ताई! खोदायच्या आधीच बुडी मारायला आलात?"

"इथे खोदू नकोस. पाणी टिकणार नाही."

"कोण म्हणतं?"

"मी."

"आणि इथे चिकण आहे, असं कोण म्हणालं होतं?"

"तेही मीच, उजव्या अंगठ्याने. डाव्याने वाळू पकडली. माझं चुकलं."

हे वाक्य ऐकायची जावेने लग्नापासूनची सगळी वर्षं वाट पाहिली होती. ते आता पदरात पडलं, तर ठेवायचं कुठे, हेच तिला सुचेना.

"आज डावा अंगठा हे म्हणतो. परवा पायाचा तिसरंच म्हणेल!"

"अंगठ्याचं ऐकूच नकोस. ही बघ तुझी वाळू." बाईंनी बाटली पुढे केली.

जावेने ती उन्हात धरली, फिरवून पाहिली. "मग तळं कुठे?"

"उताराच्या खाली. तुझ्या शेडच्या जागी."

"आत्ताच उभी केलीय ती! पहिल्या दिवसापासून सलतेय तुम्हाला."

"सलतेय. रंग भयाण आहे. पण वरची बारीक माती वाहून तिथे साठते, म्हणजे चिकण असणार."

"असणार?"

"चल, काढून दाखवते."

शेडच्या चारी बाजूंना बाईंनी गिरमिट रोवलं. दुखरा हात वर धरून, कोपराने जोर लावत, दर वेळी खोलवरची माती काढली. जावेने बाटल्या स्वतः हलवल्या, कारण विश्वास तिथेच संपला होता. पाणी गढूळच राहिलं, म्हणजे चिकण. तळाशी वाळूची नुसती रेघ दिसली.

जावेने मशीनवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं, पाना घेतला आणि शिडी लावली.

"बघताय काय? धरा शिडी. आणि तुमच्या शब्दावर बाकीच्यांनी खोदलेल्या तळ्यांचं काय?"

"उद्यापासून एकेक पुन्हा तपासणार. ज्यांचं पाझरतंय त्यांच्या दारात जाऊन सांगणार."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"मग सवय करून घ्या," पत्र्याचा पहिला बोल्ट खाली टाकत जाऊ म्हणाली, "माझ्याइतकं गोड बोलणारं कुणी भेटायचं नाही."