दोघांच्या मापाचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. खरं सांगायचं तर अर्धा पाट. त्याआधी मी लीड्समधल्या एका बंद पडलेल्या चर्चमधला बाक होतो. शंभर वर्षं लोक माझ्यावर बसून प्रार्थना करायचे. काही जण चक्क डुलक्या काढायचे. २००६ च्या उन्हाळ्यात पद्माकररावांनी मला घरी आणलं. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर ते बागेतल्या शेडमध्ये सुतारकाम करत. मुलीच्या, म्हणजे मालविकाच्या लग्नात कन्यादानाला आपल्या हातच्या पाटावर बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी माझ्या दोन फळ्या केल्या, कडांना रंधा मारला, ग्लू लावला आणि क्लॅम्पमध्ये आवळून ठेवलं.

या सगळ्या वेळात ते एक शब्द बोलले नाहीत. फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी, मंजिरीताई, गेल्या होत्या. तेव्हापासून हे असंच. चहा गार व्हायचा, रेडिओ उगाच चालू राहायचा. आम्हा दोघांत जास्त लाकूड कोण, ते मला कळेना.

शनिवारी मालविका आली. मला पाहून म्हणाली, "बाबा, एवढा वाइड कशाला? तुमच्याबरोबर कोण बसणार?"

"तुझी आई."

पस्तीस वर्षं प्रत्येक पूजेला ती दोघं शेजारी बसली होती. पद्माकररावांच्या हातांनी सवयीने दोघांचं माप घेतलं होतं.

"रवी आणि शशी बसतील," पद्माकरराव म्हणाले. रवी त्यांचा धाकटा भाऊ, शशी त्याची बायको. "कन्यादान जोडप्यानेच करायचं असतं."

"काका-काकू लव्हली आहेत. पण मला तुम्ही पाहिजे. तुम्ही नाही बसलात तर कन्यादानाचा बिटच आपण स्किप करू."

करवत समोरच टांगली होती, मला मधोमध कापणं पाच मिनिटांचं काम होतं. पण पद्माकररावांनी करवतीला हात लावला नाही. ते मला किचनमध्ये घेऊन गेले, ग्लू सुटावा म्हणून जोडावर ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री धरली. फटीत गरम व्हिनेगर सोडलं, पातळ सुरी सरकवली. अंगठाभर जागा सुटली की पुन्हा इस्त्री. असं दोन दिवस चाललं. मला काही वाटलं नाही. वाफेने त्यांच्या बोटावर फोड आला, तो त्यांनाही कळला नाही. मालविकाने हात ओढून नळाखाली धरला, तेव्हा ते नुसते बघत राहिले. मग कुठेतरी कर्र झालं आणि मी दोन झालो.

ऑगस्टमध्ये हॉल माणसांनी भरला होता. पद्माकरराव माझ्यावर बसले. उजवीकडे दुसरा अर्धा भाग रिकामा होता. त्यावर गुरुजींनी मंजिरीताईंच्या नावाने सुपारी ठेवली. मग गुरुजी म्हणाले, "आता पाण्याची धार धरा."

धार आईने धरायची असते. पद्माकरराव हात पुढे करून उजवीकडे बघत थांबले. शशीकाकू अर्ध्या उठल्या होत्या, तोवर नवरीनेच तांब्या उचलला.

"मी घालते, बाबा."

पाणी हातांवर पडलं. "गार आहे गं," ते म्हणाले. आणि दोनशे माणसांसमोर हमसून हमसून रडले. मला घरी आणल्यापासून त्यांना काही जाणवल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

याला आता तीन वर्षं झाली. माझा दुसरा अर्धा भाग मालविकाने एडिनबराला नेला. मी लीड्सलाच आहे. मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुकही नको. पण पद्माकरराव रोज माझ्यावर बसून एकटेच जेवतात. कधी या इकडे जेवायला. येताना बसायला काहीतरी घेऊन या, मी आता एकालाच पुरतो.