माणशी चार लिटर

वादळाचा इशारा आला तशी महिपतने वही काढली. पंचवीस वर्षं बोटीवर काढून हर्णेला घरी बसलेला माणूस. बायकोला शिस्त शिकवायची एकही संधी तो सोडत नसे.

"माणशी चार लिटर, आपण चौघं, तीन दिवस. अठ्ठेचाळीस लिटर साठवलं की झालं."

"चार लिटरात काय काय बसवलंत?" यमुनाबाईने विचारलं.

"पिणं आणि जेवण. बोटीवर एवढंच धरायचे."

"मग बोटीवर तुमच्या चड्ड्या कोण धुवायचं? समुद्र?"

सून अक्षया हसू लपवायला आत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाईने टाकीचा कॉक बंद केला आणि नवऱ्यापुढे दहा लिटरची कळशी ठेवली. "आज घराला लागेल तेवढं विहिरीवरून तुम्ही आणा. कळशीमागे वहीत एक रेघ."

महिपतच्या दाढी-अंघोळीलाच पाच कळश्या गेल्या. पुढे बांगडे धुवायचे होते, भांडी होती, संडास होता. दिवेलागणीला महिपत कंबर धरून पडवीत बसला.

"आजोबा, अकरा रेघा. एकशे दहा लिटर!" नात सानवी ओरडली.

"आणि आज कपडे धुतलेच नाहीत," यमुनाबाई म्हणाली. मग तिने काटछाट केली, माणशी वीस धरले आणि पाच दिवसांसाठी दोनशे लिटरची दोन पिंपं भरून घेतली.

वादळाने वीज गेली, विहिरीत माड कोसळून पाणी गढूळ झालं. पिंपं पाच दिवस पुरली. महिपतची अंघोळ तिने दोन तांब्यांवर आणली होती.

महिन्याभराने, पुढच्या वादळाला घरोघरी किती पाणी साठवावं हे ठरवायला भरलेल्या गावच्या सभेत महिपत छाती काढून उभा राहिला. "माणशी वीस लिटर, पाच दिवसांचं. बोटीवरचा अनुभव आहे माझा!"

टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या यमुनाबाईने ओठ मुडपले. तो अनुभव चार लिटरांत आटपला होता, हे सभेला कुठे ठाऊक!

"आणि घरात बाळंतीण असली तर?" ग्रामसेवकाने विचारलं.

महिपत वही चाळू लागला. वहीत बाळंतीण नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याला पुरता घाम फुटू दिला, मग बसल्या जागेवरून म्हणाली, "तिचे वेगळे पन्नास धरा, भाऊ. दुपटी रोज धुवावी लागतात."

"सूचना, महिपत..." ग्रामसेवक लिहू लागला.

"महिपत कशाला? यमुना लिहा. आधीचे वीसही माझेच."